वेगही ऋण, त्वरणही ऋण, तरी चाल वाढते कशी? चिन्हांचा गोंधळ सोडवून हवा आहे

मुलुंड_अकरावी

नमस्कार. अकरावी सायन्सला आहे, एकरेषीय गती चालू आहे. सूत्रं पाठ आहेत, आकडे घालता येतात, पण अधिक-उणे कुठे लावायचं यापाशी दरवेळी अडते. नेमकं कुठे ते लिहिते.

१) शाळेत शिकलो की वेग वाढला तर त्वरण धन, कमी झाला तर ऋण, आणि ऋण त्वरण म्हणजेच मंदन. आता क्लासच्या शीटमध्ये प्रश्न आहे: कणाचा वेग −८ मी/से आणि त्वरण −२ मी/से² आहे, तर चाल वाढते की कमी होते? उत्तर दिलंय ‘वाढते’. त्वरण ऋण असताना?

२) वर फेकलेल्या चेंडूचा वेग सर्वांत वरच्या बिंदूला शून्य होतो. मग तिथे त्वरण शून्य का नाही?

३) गुरुत्वत्वरण ‘जी’ कधी +९.८ घ्यायचा आणि कधी −९.८? वर जाताना ऋण आणि खाली येताना धन, असं बरेच जण करतात.

४) २० मीटर उंच गच्चीवरून चेंडू १५ मी/से वेगाने सरळ वर फेकला, जी १० धरायचा. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? वर जाण्याचं आणि खाली येण्याचं गणित वेगवेगळं करावं लागतं का?

नुसतं उत्तर नको, चिन्ह कशावरून ठरवायचं ते समजून घ्यायचं आहे.

दादर_शिकवणी

चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे, त्यामुळे आधी ते पक्कं करू.

चिन्ह फक्त दिशा सांगतं. गणित हातात आलं की पहिल्यांदा कागदावर एक रेघ मारायची, तिच्यावर शून्याची जागा ठरवायची आणि एका टोकाला बाण काढायचा. बाणाच्या दिशेला जे असेल ते धन, उलट दिशेला ते ऋण. विस्थापन, वेग आणि त्वरण, तिघांनाही हाच नियम. बाण कुठल्या बाजूला काढायचा ते तू ठरवायचंस, पण एकदा काढला की उत्तर हातात येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

आता तुझा कण. सुरुवातीला वेग −८. त्वरण −२ म्हणजे दर सेकंदाला वेगात −२ ची भर. एका सेकंदाने −१०, दोन सेकंदांनी −१२, तीन सेकंदांनी −१४. चाल म्हणजे वेगाची चिन्हाशिवायची किंमत, ती वाच: ८, १०, १२, १४. वाढतेच आहे. कण उलट दिशेला पळतो आहे आणि त्वरण त्याला त्याच दिशेला आणखी ढकलतं आहे.

म्हणून नियम असा: वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असतील तर चाल वाढते, विरुद्ध असतील तर कमी होते. एकट्या त्वरणाचं चिन्ह बघून चालीबद्दल काहीही बोलता येत नाही. डेरिव्हेटिव्ह शिकली असशील तर सिद्धताही एका ओळीची आहे. चालीचा वर्ग म्हणजेच वेगाचा वर्ग, आणि त्याच्या बदलाचा दर येतो २ × वेग × त्वरण. हा गुणाकार धन असेल तर चाल वाढणार, ऋण असेल तर घटणार.

शाळेतलं वाक्य खोटं नाही, ते अर्धंच सांगितलं जातं. तिथे वस्तू नेहमी धन दिशेलाच जात असते, त्यामुळे वेग आणि चाल एकच वाटतात. ‘वेग कमी झाला तर त्वरण ऋण’ हे वाक्य वेगाची चिन्हासकट किंमत धरून वाचलं तर आजही बरोबर आहे. −८ चा −१० झाला म्हणजे संख्यारेषेवर वेग खाली उतरलाच. मंदन मात्र चाल घटण्याशी बांधलेलं आहे: वेगाच्या विरुद्ध दिशेचं त्वरण ते मंदन, मग तुझ्या बाणानुसार त्याचं चिन्ह धन येवो की ऋण. ‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’ हे समीकरण डोक्यातून काढून टाक, पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

दुसरा प्रश्न. बाण वर, जी १० धर. वरचा बिंदू गाठण्याच्या ०.१ सेकंद आधी चेंडूचा वेग +१ मी/से असतो, ०.१ सेकंदानंतर −१ मी/से. बदल −२, लागलेला वेळ ०.२ सेकंद, भागाकार −१०. हा कालावधी कितीही लहान केलास, ०.०१ घे किंवा ०.००१ घे, भागाकार −१० च येतो. त्या क्षणी वेगाची किंमत शून्य आहे, पण वेग बदलतो आहे, आणि त्वरण हे बदलण्याचं माप आहे. बलाच्या बाजूने बघितलंस तरी तेच: चेंडूचं वजन वरच्या बिंदूला नाहीसं होत नाही. तिथे वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर चेंडू तसाच हवेत लटकून राहिला असता.

तिसरा. जी ही एक किंमत आहे आणि ती कायम धन: ९.८. (मुंबईच्या अक्षांशावर ९.७९ च्या आसपास, पण गणितात ९.८ किंवा १०.) चिन्ह लागतं त्वरणाला. बाण वर काढलास तर त्वरण −जी. वर जाताना, वरच्या बिंदूला आणि खाली येताना, सगळीकडे −जी. बाण खाली काढलास तर सगळीकडे +जी. ‘जाताना ऋण, येताना धन’ करणारी मुलं मध्येच बाण उलटवतात. दोन्ही भाग वेगळे सोडवले तर त्यांचं उत्तर कधीकधी बरोबर येतं, पण एका समीकरणात काम करायला गेलं की सगळं कोसळतं.

आता चौथा, हा नीट बघ. बाण वर, शून्य गच्चीवर. सुरुवातीचा वेग +१५, त्वरण −१०. चेंडू शेवटी जमिनीवर आहे, म्हणजे शून्याच्या २० मीटर खाली, म्हणून विस्थापन −२०. मध्ये तो किती वर जाऊन आला याच्याशी विस्थापनाला देणंघेणं नाही. वेळेला ‘ट’ म्हणू. विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ², म्हणून:

−२० = १५ट − ५ट²

पाचने भागून आणि सगळं एका बाजूला आणून: ट² − ३ट − ४ = ०. उत्तरं ट = ४ आणि ट = −१. चेंडू ४ सेकंदांनी पडतो. तेव्हाचा वेग १५ − ४० = −२५ मी/से; उणे म्हणजे खालच्या दिशेला. दोन भाग करायची काहीच गरज पडली नाही.

ट = −१ फेकून देण्याआधी त्याचा अर्थ समजून घे. हाच चेंडू एक सेकंद आधी जमिनीवरून +२५ मी/से ने वर निघाला असता, तर शून्याव्या सेकंदाला गच्चीपाशी नेमका १५ मी/से ने पोहोचला असता. समीकरणाला तो तुझ्या हातातून कधी सुटला ते माहीत नसतं.

चिन्ह चुकलं की काय होतं तेही पाहून ठेव, कारण चूक स्वतःची खूण सोडते. उंची २० दिली आहे म्हणून विस्थापन +२० घातलंस तर समीकरण येतं ट² − ३ट + ४ = ०. ९ − १६ म्हणजे वर्गमुळाखाली −७, उत्तरच नाही. हे बरोबरच आहे! तू विचारलंस की चेंडू गच्चीच्या वर २० मीटरला कधी पोहोचेल, आणि तो तर गच्चीच्या वर २२५ ÷ २० = ११.२५ मीटरपर्यंतच जातो. दुसरी चूक म्हणजे तिन्ही किमती धन घेणं. मग ट² + ३ट − ४ = ० आणि ट = १. हे उत्तर धोकादायक आहे, कारण ते नीटनेटकं दिसतं आणि बहुधा पर्यायांतही असतं. ते चेंडू १५ मी/से ने खाली फेकल्याचं उत्तर आहे.

आणखी एक खाचखळगा. शेवटचा वेग ‘वेगवर्ग = सुरुवातीचा वेगवर्ग + २ × त्वरण × विस्थापन’ या सूत्राने काढलास तर २२५ + २ × (−१०) × (−२०) = ६२५. वर्गमूळ +२५ किंवा −२५. सूत्र दोन्ही देतं, निवड तुझी. चेंडू पडतो आहे, बाण वर आहे, म्हणून −२५.

अप_डाऊन

वरचं उत्तर पूर्ण आहे. त्याला मुंबईतल्याच एका संख्यारेषेची जोड देतो, म्हणजे वेग-त्वरणाच्या चिन्हांच्या चारही जोड्या कायमच्या लक्षात राहतील.

पश्चिम रेल्वेच्या रुळांशेजारी ओव्हरहेड वायरचे खांब असतात, त्यांच्यावर किलोमीटरचे आकडे रंगवलेले असतात. मोजणी चर्चगेटपासून सुरू होते आणि विरारच्या दिशेला वाढत जाते. शून्य चर्चगेट, बाण विरारकडे. डाऊन लोकल धन दिशेला, अप लोकल ऋण दिशेला.

डाऊन गाडी विलेपार्ल्याहून सुटली: वेग धन, त्वरण धन. तीच अंधेरीला ब्रेक लावत आली: वेग धन, त्वरण ऋण. अप गाडी अंधेरीहून सुटली: वेग ऋण, त्वरण ऋण. हीच तुझ्या शीटमधली जोडी, आणि गाडी वेग घेते आहे हे कोणालाही कळतं. ती पार्ल्याला ब्रेक लावत शिरली: वेग ऋण, त्वरण धन. मंदन आहे, आणि त्वरण धन आहे.

आकडे घालून बघ. समजा अप गाडीने थांब्यावरून ०.५ मी/से² ने ३० सेकंद वेग घेतला. त्वरण −०.५, वेग −०.५ × ३० = −१५ मी/से, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर चर्चगेटकडे. विस्थापन ½ × (−०.५) × ९०० = −२२५ मीटर. पुढे ती ०.७५ मी/से² ने ब्रेक लावते. इथे मुलं सवयीने −०.७५ लिहितात आणि वेग दर चार सेकंदांनी −१५, −१८, −२१ असा वाढत जातो. गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट सुटते. बरोबर किंमत +०.७५. वेग −१५ वरून शून्यावर यायला २० सेकंद, आणि विस्थापन −१५ × २० + ½ × ०.७५ × ४०० = −३०० + १५० = −१५० मीटर. चिन्ह अजूनही ऋणच, कारण ब्रेक लागत असतानाही गाडी चर्चगेटकडेच सरकते आहे. ब्रेक लागताना विस्थापनाचं चिन्ह पालटतं असं समजू नकोस.

अप गाडीतून बघितलं तर खांबांवरचे आकडे धनच असतात, फक्त उतरत जातात. स्थान धन आणि वेग ऋण, यात विरोध काही नाही. आता शून्य चर्चगेटहून उचलून दादरला ठेव, बाण तसाच विरारकडे. वांद्र्याचं स्थान धन, महालक्ष्मीचं ऋण झालं. पण कुठल्याही गाडीच्या वेगाचं किंवा त्वरणाचं चिन्ह बदललं नाही. शून्य सरकवल्याने फक्त स्थान बदलतं. बाण उलटवला तरच वेगाची आणि त्वरणाची चिन्हं पालटतात, आणि दोघांची एकदम पालटतात. म्हणून ‘चिन्हं सारखी की विरुद्ध’ या कसोटीवर बाणाच्या निवडीचा काही परिणाम होत नाही.

त्वरणाची दिशा डोळ्यांनी बघायची असेल तर पाण्याची बाटली पुरते. सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घे, जवळजवळ काठोकाठ भर, अंगठ्याएवढा बुडबुडा राहू दे, बूच घट्ट लाव. दुपारच्या कमी गर्दीत खिडकीजवळच्या बाकावर ती गाडीच्या लांबीला समांतर आडवी ठेव. गाडी वेग घेताना बुडबुडा पुढे जातो, ब्रेक लागताना मागे. बुडबुडा त्वरणाच्या दिशेला जातो. पाणी जड म्हणून मागे राहतं आणि हलकी हवा पुढे ढकलली जाते. ०.५ मी/से² त्वरणाला पाण्याची पातळी सुमारे ३ अंशांनी कलते, तेवढ्याने बुडबुडा सहज टोकाला पोहोचतो. वळणावर किंवा चढावर मात्र हा प्रयोग करू नकोस. तिथे बाटली मुळातच कललेली असते. आणि एकसमान वेगाने गाडी धडधडत असताना बुडबुडा ठाम उत्तर देणार नाही, कारण तेव्हा त्वरण जवळपास शून्य आहे, वेग कितीही असो.

आपलं अंग उलटी दिशा दाखवतं. ब्रेकला उभा माणूस पुढे झुकतो, त्वरण असतं मागे. गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी जो मागे धक्का बसतो तो वेगळा: त्वरण एका किमतीवरून एकदम शून्यावर येतं, आणि ब्रेकशी झुंजत ताणलेलं अंग मोकळं होतं. शेवटच्या काही मीटरमध्ये ब्रेक हलका करत नेला की हा धक्का कमी बसतो.

आलेखवही

आलेखाची बाजू राहिली, ती लिहितो, कारण परीक्षेत चिन्हांचे अर्धे प्रश्न आलेखातूनच येतात.

वेग-काल आलेखात दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या. रेघ अक्षाच्या वर आहे की खाली, हे वेगाचं चिन्ह. रेघ चढते आहे की उतरते आहे, हे त्वरणाचं चिन्ह. आणि रेघ काल-अक्षाच्या जवळ येत असेल तर चाल घटते, दूर जात असेल तर वाढते. तुझ्या कणाची रेघ −८ वरून सुरू होऊन खाली खाली जाते: अक्षाखाली, उतरती, अक्षापासून दूर. तिन्ही उत्तरं एका नजरेत मिळाली.

गच्चीवरच्या चेंडूची रेघ काढ. ० सेकंदाला +१५, ४ सेकंदाला −२५, मध्ये एक सलग सरळ रेघ. १.५ सेकंदाला ती अक्ष ओलांडते, तोच वरचा बिंदू. तिथे रेघेला ना कोपरा, ना वळण. उतार −१० आधीही, त्या क्षणीही, नंतरही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या आलेखाइतकं स्वच्छ दुसरं कशातच दिसत नाही. अक्षावरचा त्रिकोण ½ × १.५ × १५ = ११.२५, अक्षाखालचा ½ × २.५ × २५ = ३१.२५. चिन्हासकट बेरीज −२०, हे विस्थापन. चिन्ह सोडून बेरीज ४२.५ मीटर, ही कापलेली लांबी. प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते दोनदा वाच.

आता एक सापळा. त्याच चेंडूचा चाल-काल आलेख काढला तर रेघ १५ वरून शून्यावर येते आणि तिथून पुन्हा वर चढून २५ वर जाते. १.५ सेकंदाला टोकदार कोपरा. हा उतार बघून मुलं म्हणतात की त्वरण ऋणाचं धन झालं. चालीच्या आलेखाचा उतार म्हणजे त्वरण नव्हे. आधी उभ्या अक्षावर चाल लिहिलंय की वेग ते बघायचं, मग पुढे.

स्थान-काल आलेखात उतार म्हणजे वेग, आणि वक्राचा बाक म्हणजे त्वरण. वक्र उताण्या वाटीसारखा असेल तर त्वरण धन, पालथ्या वाटीसारखा असेल तर ऋण. वाटीची डावी बाजू की उजवी यावर वेगाचं चिन्ह अवलंबून. उताण्या वाटीची डावी बाजू उतरती आणि सपाट होत जाणारी: वेग ऋण, त्वरण धन, चाल घटतेय. म्हणजे पार्ल्याला शिरणारी अप लोकल. पालथ्या वाटीचा माथा म्हणजे चेंडूचा वरचा बिंदू: उतार शून्य, पण बाक कायम.

मुलुंड_अकरावी

खूप धन्यवाद, बाण आधी काढायचा हे आता करून बघतेय. एक गणित या पद्धतीनेही जमत नाहीये. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर ताशी ७२ किलोमीटरने जाणाऱ्या कारला ब्रेक लागले, मंदन ५ मी/से². ब्रेक लागल्यापासून ६ सेकंदांत कार किती अंतर जाईल? बाण कारच्या दिशेला काढला. वेग +२०, त्वरण −५. २० × ६ − ½ × ५ × ३६ = १२० − ९० = ३० मीटर. उत्तर ४० दिलंय. चिन्हं तर सगळी बरोबर आहेत ना?

आणि फोनमधल्या सेन्सरवर त्वरणाचं चिन्ह दिसतं असं ऐकलं. मी फोन टेबलावर ठेवला तर तो +९.८ दाखवतो. बाण वर असेल तर −९.८ यायला हवं ना? आणि फोन तर हलतही नाहीये.

दादर_शिकवणी

चिन्हं बरोबर आहेत, पण −५ हे त्वरण सहा सेकंद टिकत नाही. कार ४ सेकंदांत थांबते: २० − ५ × ४ = ०. तेवढ्यात ती २० × ४ − ½ × ५ × १६ = ४० मीटर जाते आणि तिथेच राहते. तुझ्या समीकरणात ती पुढचे २ सेकंद −५ च्या त्वरणाने उलटी निघाली आणि १० मीटर मागे आली, म्हणून ३०. ६ सेकंदांनंतरचा वेग काढून बघितलास तर −१० येईल. ब्रेक लावलेली कार रिव्हर्स जात नाही, इथेच चूक पकडता आली असती.

मग चेंडूच्या बाबतीत १.५ सेकंदानंतरही तेच समीकरण कसं चाललं? कारण गुरुत्वाकर्षणाला वस्तू कुठे चालली आहे याच्याशी घेणंदेणं नाही. ते कायम खाली ओढतं. सरकतं घर्षण मात्र वेगाच्या उलट दिशेला लागतं आणि वेग संपला की तेही संपतं. म्हणून गणितात ब्रेक, घर्षण, खडबडीत पृष्ठभाग असे शब्द दिसले की पहिलं काम एकच: थांबायला किती वेळ लागतो तो काढायचा आणि दिलेल्या वेळेशी ताडून बघायचा.

दोन्ही बलं एकत्र येतात ते खडबडीत उतारावर. ठोकळा उतारावर वर ढकलून सोडला. बाण उताराच्या वरच्या दिशेला. वर जाताना गुरुत्वाकर्षणाचा घटक आणि घर्षण, दोन्ही खालच्या दिशेला, त्यामुळे त्वरण ऋण आणि मोठं. खाली येताना गुरुत्वाकर्षण खाली, घर्षण वर, त्यामुळे त्वरण अजूनही ऋण, पण लहान. चिन्ह तेच, किंमत बदलली. इथे मात्र गणित दोन भागांतच करावं लागतं, आणि म्हणूनच वर जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा खाली यायला जास्त वेळ लागतो. उतार फारच कमी असेल तर ठोकळा वरच थांबून राहील, खाली येणारच नाही, तेही तपासायचं.

अंधेरी_सेन्सर

फोनचं सांगतो. आतली चिप त्वरण थेट मोजत नाही, टेबल फोनला किती जोराने वर रेटतंय ते मोजते. टेबल वर रेटतं, म्हणून अँड्रॉइडमध्ये स्क्रीन वर करून ठेवलेल्या फोनवर +९.८. हाच फोन हातातून सुटून पडत असताना शून्याजवळ दाखवेल, जरी तेव्हा त्याचं त्वरण खरोखर ९.८ असतं. (पाडून बघायचाच असेल तर जाड गादीवर, वीतभर उंचीवरून.) गतीच्या अभ्यासासाठी जी वगळून त्वरण दाखवणारं वाचन घ्यायचं. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अॅप आहे, त्यात जी सह आणि जी वगळून असे दोन वेगळे प्रयोग आहेत. दुसरा निवड.

अँड्रॉइड फोनचे बाण ठरलेले असतात: एक्स स्क्रीनच्या उजवीकडे, वाय फोनच्या वरच्या कडेकडे, झेड स्क्रीनमधून बाहेर. लोकलमध्ये फोन बाकावर सपाट ठेव, वरची कड विरारकडे. आता वायचं चिन्ह वर सांगितलेल्या चारही जोड्यांप्रमाणेच येईल, गाडी अप असो की डाऊन. मग फोन उलटा फिरवून वरची कड चर्चगेटकडे कर: गाडी तीच, ब्रेक तोच, पण सगळी चिन्हं पालटलेली. फोनचं जीपीएस मात्र चाल दाखवतं, तिला चिन्ह नसतं. कारच्या स्पीडोमीटरचंही तसंच.

त्याहून चांगला प्रयोग लिफ्टमध्ये होतो, कारण तिथे हादरे कमी. पंधरा-वीस मजली इमारतीची लिफ्ट घे, मधल्या मजल्यांवर थांबणार नाही अशी वेळ साध. फोन लिफ्टच्या जमिनीवर स्क्रीन वर करून ठेव, कव्हरचा फुगवटा असेल तर काढ, रेकॉर्डिंग सुरू करून पाचेक सेकंद थांब म्हणजे शून्य रेषा स्थिर दिसेल, आणि मग बटण दाब. झेडचा आलेख बघ. वर जायला सुटताना धन उंचवटा, मध्ये बराच वेळ शून्य, वर पोहोचताना ऋण खळगा. खाली येताना उलट क्रम: सुटताना ऋण, मध्ये शून्य, तळमजल्यावर थांबताना धन. उंचवटे साधारण अर्धा ते एक मी/से² चे असतात, लिफ्टनुसार कमी-जास्त.

आता दोनच तुकडे शेजारी ठेव: तळमजल्यावरून वर सुटतानाचा आणि वरून येऊन तळमजल्यावर थांबतानाचा. दोन्ही धन उंचवटे, जवळजवळ एकसारखे. नुसता तेवढा तुकडा दाखवून लिफ्ट वर जातेय की खाली, वेग घेतेय की थांबतेय, हे विचारलं तर कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी उंचवट्याआधीचा वेग माहीत हवा. आधी शून्य असेल तर वर सुटली, आधी ऋण असेल तर खाली येऊन थांबली.

उंचवट्याखालचं क्षेत्रफळ मोजलंस तर वेगातला बदल मिळतो. फायफॉक्समधून आकडे एक्सेलमध्ये काढता येतात. समजा सरासरी ०.८ मी/से² चा उंचवटा २ सेकंद टिकला, तर बदल +१.६ मी/से. वर सुटताना तो ० ते +१.६ असा आणि खाली थांबताना −१.६ ते ० असा. पूर्ण फेरीतल्या उंचवट्याचं आणि खळग्याचं क्षेत्रफळ चिन्हासकट मिळून शून्य यायला हवं, कारण लिफ्ट थांबलेली निघाली आणि थांबलेलीच राहिली. थोडा फरक पडेल. सेन्सरचं शून्य किंचित सरकलेलं असतं आणि ती चूक दर सेकंदाला साठत जाते, म्हणून सुरुवातीच्या पाच सेकंदांच्या वाचनांची सरासरी काढून ती सगळ्या वाचनांतून आधी वजा कर आणि मगच बेरीज कर.